ग्लस्टरचा स्नॅपशॉट घेतला, आता बॅकअप घ्या

रात्री १ वाजता आरसिंक, म्हणजे फाइलींची नक्कल करणारं साधन, सुरू झालं. समोर ८०० जीबीचा साठा, त्यात लाखो बारीकसारीक फाइली, आणि काम उरकायला सकाळचे ६ वाजणार. या पाच तासांत साठा मात्र थांबलेला नसतो. समजा त्यात ‘अंतिम’ आणि ‘कच्चे’ असे दोन फोल्डर आहेत. आरसिंकनं १ वाजून २० मिनिटांनी ‘अंतिम’ उरकला आणि ते पुढे गेलं. ३ वाजता कुणीतरी एक फाइल ‘कच्चे’मधून उचलून ‘अंतिम’मध्ये टाकली. ४ वाजता आरसिंक ‘कच्चे’पाशी पोचलं, तर तिथे ती फाइल नाही. ‘अंतिम’कडे ते आता परत वळणार नाही. सकाळी बॅकअपमध्ये ती फाइल दोन्हीकडे नसते आणि लॉगमध्ये तक्रारीचा एक शब्दही नसतो.

चालत्या साठ्याची नक्कल करताना हे होणारच. उपाय एकच, नक्कल करण्यापुरता काळ थांबवायचा, म्हणजे साठ्याचा त्या क्षणाचा फोटो, स्नॅपशॉट, घ्यायचा. एका मशीनवर एक डिस्क असेल तर ते सोपं आहे. पण साठा तीन, सहा, बारा मशीनवर पसरलेला असेल तर सगळ्यांना एकाच क्षणी थांबवावं लागतं. एक मशीन दोन सेकंद आधी थांबलं आणि दुसरं नंतर, तर वरचाच घोळ छोट्या प्रमाणात पुन्हा होतो. ग्लस्टरएफएस या फाइल सिस्टीममध्ये ही सोय कशी बसवली आहे, तिच्या जोरावर बॅकअप कसा घ्यायचा आणि गाडी कुठे घसरते, ते पाहू.

ग्लस्टरच का? कारण त्याचे सगळे भाग उघडे दिसतात. खाली साधा लिनक्स, साधा एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची सोय), साधी एक्सएफएस (लिनक्सची एक फाइल सिस्टीम) असते, त्यामुळे काय चाललंय ते डोळ्यांनी बघता येतं. ग्लस्टर कंपनी रेड हॅटनं २०११ मध्ये १३ कोटी ६० लाख डॉलरला घेतली. व्हॉल्यूम स्नॅपशॉट २०१४ च्या ३.६ आवृत्तीत आले. रेड हॅटनं आपल्या व्यापारी ग्लस्टर उत्पादनाचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला, त्यामुळे नवी उभारणी करणाऱ्यानं दोनदा विचार करावा. आधी बसवलेले साठे मात्र चालू आहेत, आणि त्यांचा बॅकअप कुणाला तरी घ्यायचाच आहे.

खाली काय असतं

ग्लस्टरमध्ये प्रत्येक मशीन आपल्या डिस्कवरची एक डिरेक्टरी साठ्याला देतं. तिला ब्रिक म्हणतात. अनेक ब्रिका मिळून व्हॉल्यूम होतो, आणि वापरणाऱ्याला फक्त व्हॉल्यूम दिसतो. तीन प्रती ठेवणारा व्हॉल्यूम असेल तर प्रत्येक फाइल तीन ब्रिकांवर जाते. नुसता पसरवलेला असेल तर एक फाइल एका ब्रिकवर, दुसरी दुसऱ्या ब्रिकवर.

इथेच पहिला मोह होतो. ब्रिक म्हणजे साधी डिरेक्टरीच ना, मग थेट तिथूनच फाइली उचलून न्याव्यात. हे करू नका. ब्रिकवर ग्लस्टरची लपलेली डिरेक्टरी असते आणि तिच्यात प्रत्येक फाइलची हार्ड लिंक, म्हणजे त्याच डेटाला दिलेलं दुसरं नाव, असते. हार्ड लिंकांकडे लक्ष न देता नक्कल केलीत तर सगळा डेटा दुप्पट होतो. शिवाय ब्रिकवर काही शून्य बाइटच्या फाइली दिसतात, ज्यांच्या परवानग्यांच्या जागी नऊ आडव्या रेघा आणि शेवटी एक टी असतो. त्या खऱ्या फाइली नाहीत, ‘ही फाइल त्या दुसऱ्या ब्रिकवर आहे’ एवढं सांगणाऱ्या पाट्या आहेत. आर्बिटर ब्रिक असेल तर तिथली प्रत्येक फाइल रिकामीच असते, कारण त्या ब्रिकचं काम फक्त वाद मिटवायचं. अशा ब्रिकचा इमानेइतबारे बॅकअप घेतलात तर नावं सगळी येतील, आत काहीच नसेल.

स्नॅपशॉटसाठी ग्लस्टरची अट कडक आहे. प्रत्येक ब्रिक तिच्या स्वतःच्या थिन लॉजिकल व्हॉल्यूमवर (एलव्हीएमनं दिलेला जागेचा भाग, ग्लस्टरचा व्हॉल्यूम नव्हे) हवी आणि त्यावर दुसरं काहीही नको. जुन्या पद्धतीचा जाड लॉजिकल व्हॉल्यूम चालत नाही. ११ व्या आवृत्तीपासून झेडएफएसचाही पर्याय आहे, पण बहुतेक ठिकाणी एलव्हीएमच सापडेल.

थिन म्हणजे काय? ज्याच्यावर डेटा खरोखर पडतो तो थिन पूल. पूल ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, म्हणजे चंकांत, विभागलेला असतो. लॉजिकल व्हॉल्यूम म्हणजे जाड ग्रंथाची फक्त अनुक्रमणिका समजा: अमुक ठिकाणचा मजकूर पुलातल्या तमुक चंकात. स्नॅपशॉट घेताना पानांची नक्कल होत नाही, अनुक्रमणिकेची होते. म्हणून २ टीबीच्या ब्रिकचा स्नॅपशॉटही डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतो आणि त्या क्षणी जवळजवळ शून्य जागा खातो. त्यानंतर चालू बाजूनं एखाद्या पानावर लिहायचं ठरवलं, की पुलातून नवं पान घेतलं जातं, जुन्यावरचं त्यावर उतरवलं जातं आणि बदल तिथे होतो. चालू अनुक्रमणिका नव्या पानाकडे बोट दाखवते, स्नॅपशॉटची जुन्याच पानाकडे.

यातच स्नॅपशॉटची मर्यादाही दडलेली आहे. न बदललेली पानं दोघांची सामाईक आहेत. डिस्क गेली तर मूळही गेलं आणि स्नॅपशॉटही. स्नॅपशॉट चुकून पुसलेली फाइल परत देतो. जळालेला सर्व्हर परत देत नाही. बॅकअपचं काम तो फक्त शक्य करतो.

सगळ्या ब्रिका एकाच क्षणी

तुम्ही ग्लस्टर स्नॅपशॉट क्रिएट, मग स्नॅपशॉटचं नाव, मग व्हॉल्यूमचं नाव अशी कमांड दिलीत, की ग्लस्टरचा व्यवस्थापक आधी सगळ्या मशीनवर विचारपूस करतो: ब्रिका चालू आहेत का, थिन आहेत का, रिबॅलन्स (फाइलींची ब्रिकांवर फेरवाटणी) चाललंय का. रिबॅलन्स चालू असेल तर कमांड तिथेच नाकारली जाते. कारण फाइली एका ब्रिकवरून दुसरीकडे निघालेल्या असतात आणि त्या अवस्थेतला फोटो कुणाच्याच कामाचा नाही.

मग बॅरियर लागतो. प्रत्येक ब्रिकवर काही ठरावीक कामांची पोच रोखून धरली जाते: नाव बदलणं, पुसणं, डिरेक्टरी काढणं, फाइल कापणं, डिस्कवर पोचल्याची खात्री मागणारं एफसिंक आणि तशाच खात्रीचं लिखाण. काम ब्रिकवर झालं तरी ‘झालं’ असं उत्तर क्लायंटला मिळत नाही. आणि उत्तर मिळाल्याशिवाय क्लायंट त्याच्यावर अवलंबून असलेलं पुढचं काम पाठवत नाही. एका ब्रिकच्या फोटोत पुढचं पाऊल आणि दुसरीच्या फोटोत मागचं पाऊलही नाही, असं होऊ नये यासाठी ही युक्ती. साधं लिखाण रोखलं जात नाही, म्हणून वापरणाऱ्याला थोडासा अडखळा जाणवतो, इतकंच.

बॅरियर लागला की प्रत्येक मशीन आपापल्या ब्रिकचा एलव्हीएम स्नॅपशॉट घेतं. त्या क्षणी लिनक्स खालची एक्सएफएस गोठवतो आणि मेमरीतलं बाकी लिखाण डिस्कवर उतरवून घेतो. मग बॅरियर निघतो आणि अडकलेली उत्तरं सुटतात. एखाद्या मशीननं फारच वेळ लावला तर बॅरियर २ मिनिटांनी आपोआप गळून पडतो आणि स्नॅपशॉट फसतो. ही मुदत वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. २ मिनिटांत अनुक्रमणिकेची नक्कल होत नसेल तर डिस्क नाहीतर नेटवर्क आजारी आहे.

जे मिळतं ते ‘अचानक वीज गेली तर डिस्कवर जे असेल ते’ या दर्जाचं असतं. क्लायंटच्या मेमरीत जे अजून पडून होतं, ते त्यात नाही. फोटो, कागदपत्रं, व्हिडिओ यांना एवढं पुरतं. डेटाबेसच्या फाइली त्याच साठ्यावर असतील तर आधी डेटाबेसचा डंप काढून तो साठ्यावर ठेवा आणि मग स्नॅपशॉट घ्या, हाच सरळ मार्ग. मायएसक्यूएलमध्ये सगळ्या टेबलांना वाचनकुलूप लावून स्नॅपशॉट घेणारे असतात, पण त्यात एक खोच आहे. कुलूप त्या जोडणीपुरतंच असतं. स्क्रिप्टनं एका ओळीत कुलूप लावलं आणि जोडणी तिथेच संपली, तर पुढच्या ओळीतल्या स्नॅपशॉटच्या वेळी कुलूप उघडंच असतं. स्क्रिप्ट हिरवी दिसते, बॅकअप कच्चा राहतो.

दुसऱ्या फाइल सिस्टीमांत रीत वेगळी असते. सेफएफएसमध्ये डिरेक्टरीतल्या लपलेल्या स्नॅप फोल्डरात नवी डिरेक्टरी केली की स्नॅपशॉट होतो, एलव्हीएमचा संबंधच नाही. हाडूपच्या एचडीएफएसमध्ये ॲडमिननं आधी त्या डिरेक्टरीला परवानगी द्यावी लागते. ‘फोटो वेगळा, बॅकअप वेगळा’ हे मात्र तिथेही तसंच.

मांडणी करतानाच जागा सोडा

स्नॅपशॉटची निम्मी दुखणी मांडणीच्या दिवशीच ठरतात. समजा प्रत्येक मशीनला ब्रिकसाठी ४ टीबीची डिस्क आहे. सगळी जागा पुलाला देऊ नका. एलव्हीएमच्या व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे डिस्कच्या एकूण जागेत, ४ टीबी, पूल ३ टीबीचा, आणि त्यावर ब्रिकचा थिन व्हॉल्यूम २ टीबीचा. पूल आणि ब्रिक यांतला १ टीबीचा फरक स्नॅपशॉटांच्या वाट्याचा. ग्रुपमध्ये उरलेला जवळपास १ टीबी अडीअडचणीला पूल वाढवण्यासाठी. थिनमध्ये पुलापेक्षा मोठा व्हॉल्यूमही कागदावर करता येतो, आणि विक्रीच्या पत्रकात तोच गुण म्हणून सांगितला जातो. बॅकअप बघणाऱ्यानं मात्र त्याच्या नादी लागू नये.

अनुक्रमणिका ठेवायला पुलाला वेगळी मेटाडेटा जागा लागते. तिची कमाल मर्यादा सुमारे १६ जीबी आहे, आणि ४ टीबीच्या डिस्कवर ती पहिल्याच दिवशी पूर्ण देऊन टाकलेली बरी. दुरुस्तीच्या वेळी लागेल म्हणून एलव्हीएम तेवढीच आणखी एक जागा राखून ठेवतो, तेव्हा ३२ जीबी धरून चाला.

चंकाचा आकार हा खरा खर्चाचा मुद्दा. २५६ केबीचा चंक आहे आणि स्नॅपशॉट घेतल्यानंतर कुणी ४ केबी बदललं, तर नवं पान २५६ केबीचंच लागतं. असे १ लाख बदल वेगवेगळ्या चंकांत विखुरले, तर लिहिला गेलेला डेटा ४०० एमबी आणि पुलातून गेलेली जागा सुमारे २५ जीबी. ६४ केबीचा चंक असता तर साडेसहा जीबीच्या आत भागलं असतं. पण लहान चंक म्हणजे लांबलचक अनुक्रमणिका आणि विस्कटलेली डिस्क. मोठ्या फाइली सलग लिहिणाऱ्या साठ्याला २५६ केबी बरा पडतो. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्का ठेवल्या असतील, जिथे दिवसभर इथेतिथे ४-४ केबी बदलत असतं, तिथे लहान चंक आणि कमी स्नॅपशॉट. हा आकार नंतर बदलता येत नाही, पूल मोडूनच करावं लागतं.

पुढचं नेहमीचंच: एक्सएफएस ५१२ बाइटच्या आयनोडनं (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) घडवा, कारण ग्लस्टर प्रत्येक फाइलवर आपली बरीच टिपणं ठेवतो. माउंट केल्यावर आत एक उपडिरेक्टरी करा आणि तीच ब्रिक म्हणून द्या. कधी डिस्क माउंट व्हायचीच राहिली तर उपडिरेक्टरी सापडत नाही, ब्रिक सुरूच होत नाही आणि सर्व्हरची मूळ डिस्क भरण्यापासून वाचते.

रोज रात्रीचा क्रम

आधी तपासणी. व्हॉल्यूम स्टेटसमध्ये सगळ्या ब्रिका चालू हव्यात आणि हील इन्फोमध्ये (मागे पडलेल्या प्रती दुरुस्त करण्याच्या कामाची यादी) बाकी फाइलींचा आकडा शून्य हवा. एखादी ब्रिक तासाभरापूर्वी बंद पडून परत आली असेल तर तिच्यावरच्या काही प्रती मागे असतात, आणि स्नॅपशॉटमध्ये त्या मागेच गोठतात. तीन प्रतींच्या व्हॉल्यूमवर ब्रिक बंद असतानाही फोर्स लावून स्नॅपशॉट घेता येतो. तो अगदी नाइलाजाचा मार्ग. क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या, स्क्रिप्टमध्ये फोर्स लिहिलेला दिसला तर आधी तो काढा. व्हॉल्यूमचं जिओ-रेप्लिकेशन (दूरच्या दुसऱ्या साठ्यावर सतत नक्कल) चालू असेल तर ते पॉझ करा आणि स्नॅपशॉट झाल्यावर रिझ्यूम करायला विसरू नका.

स्नॅपशॉट घेतला की ग्लस्टर त्याच्या नावापुढे स्वतःहून वेळ जोडतो, आणि ती वेळ जीएमटी असते. पुण्यात १५ तारखेच्या पहाटे २ वाजता घेतलेल्या स्नॅपशॉटच्या नावात १४ तारीख आणि २०.३० असं येतं. सकाळी घाईत ‘१५ तारखेचा कुठे आहे?’ म्हणून शोधणाऱ्याला तो दिसत नाही, आणि मग चुकीचा स्नॅपशॉट उचलला जातो. नो-टाइमस्टॅम्प हा पर्याय देऊन स्वतःच्या पद्धतीनं नाव देता येतं. मात्र सांबामधून (लिनक्सवरच्या फाइली विंडोजला देणारी सोय) विंडोजच्या ‘आधीच्या आवृत्त्या’ दाखवायच्या असतील तर जीएमटीचं नावच राहू द्या, सांबाला ते वाचता येतं.

नवा स्नॅपशॉट निष्क्रिय असतो. त्याला ॲक्टिव्हेट केल्याशिवाय तो माउंट होत नाही. नव्या माणसाचा पहिला अर्धा तास याच्यातच जातो. ॲक्टिव्हेट केल्यावर नेहमीच्या ग्लस्टर माउंटमध्ये व्हॉल्यूमच्या नावाऐवजी तिरकी रेघ, स्नॅप्स, तिरकी रेघ, स्नॅपशॉटचं नाव, तिरकी रेघ, व्हॉल्यूमचं नाव असा मार्ग द्यायचा. हा माउंट फक्त वाचता येतो. आता समोर थांबलेला काळ आहे. आरसिंकला पाच तास लागोत की पंधरा, त्याच्या पायाखालची फाइल हलणार नाही.

आरसिंक वापरत असाल तर नेहमीच्या ए पर्यायाबरोबर कॅपिटल एच, ए आणि एक्स द्या, म्हणजे हार्ड लिंका, परवानग्यांच्या याद्या आणि जोडगुणधर्म सुटत नाहीत. रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअपची साधनं वापरत असाल तर स्नॅपशॉटचं नाव रोज बदललं तरी माउंटची जागा रोज तीच ठेवा. ही साधनं कालच्या यादीशी मार्गावरून ताळा घालतात. मार्गात तारीख घुसली की त्यांना सगळ्याच फाइली नव्या वाटतात आणि रोज अख्खा साठा पुन्हा वाचला जातो. नक्कल अर्थातच दुसऱ्या साठ्यावर, जमल्यास दुसऱ्या इमारतीत. त्याच तीन मशीनवरच्या दुसऱ्या व्हॉल्यूममध्ये नक्कल ठेवणं म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवणं.

लाखो लहान फाइलींवर खरा वेळ नक्कल करण्यात जात नाही, काय बदललं ते शोधण्यात जातो. प्रत्येक फाइलची चौकशी नेटवर्कवरून होते. यावर ग्लस्टरफाइंड नावाचं साधन आहे. ते बदलांच्या नोंदींवरून गेल्या खेपेनंतर बदललेल्या फाइलींची थेट यादी देतं. प्री म्हटलं की यादी मिळते, नक्कल नीट झाल्यावर पोस्ट म्हटलं की खूण पुढे सरकते. इथे क्रम फार महत्त्वाचा. आधी प्री, मग स्नॅपशॉट. उलटं केलंत, म्हणजे २.०० ला स्नॅपशॉट आणि २.०५ ला प्री, तर २.०३ ला बदललेली फाइल यादीत येते, पण स्नॅपशॉटमध्ये तिचं जुनंच रूप असतं. जुनं रूप नकललं जातं, पोस्टनं खूण २.०५ वर जाते, आणि ती फाइल पुन्हा बदलेपर्यंत तिचं नवं रूप बॅकअपमध्ये कधीच येत नाही. आधी प्री केलंत तर मधल्या काळातले बदल उद्याच्या यादीत आपसूक येतात. फार तर यादीतली एखादी फाइल स्नॅपशॉटपूर्वी पुसली गेलेली निघेल. तेवढी चूक स्क्रिप्टनं पोटात घालावी.

नक्कल संपली की अनमाउंट, मग डिॲक्टिव्हेट. जुना स्नॅपशॉट पुसताना ग्लस्टर ‘खात्री आहे ना?’ असं विचारतो. क्रॉनमध्ये उत्तर द्यायला कुणी नसतं, म्हणून तिथे मोड स्क्रिप्ट ठेवून कमांड द्यावी लागते. हे राहिलं की पुसण्याचं काम महिनोन्महिने होत नाही.

पूल भरतो तेव्हा

सगळ्यात महागडी चूक इथे होते. वापरणाऱ्याच्या मशीनवर डीएफ, म्हणजे मोकळी जागा दाखवणारी कमांड, दाखवतं ६० टक्के भरलंय. ॲडमिन निवांत. पण डीएफला फाइल सिस्टीम दिसते, पूल दिसत नाही. कुणी ३०० जीबीचे जुने व्हिडिओ पुसले तर डीएफमध्ये तेवढी जागा मोकळी दिसते. पुलात मात्र एक चंकही सुटत नाही, कारण स्नॅपशॉटची अनुक्रमणिका अजून त्या पानांकडे बोट दाखवते आहे. त्या ‘मोकळ्या’ जागेत नवे ३०० जीबी टाकले, की पुलातून आणखी ३०० जीबी गेले. ग्लस्टर स्वतः थोडी जागा राखून ठेवतो आणि साठा भरत आला की लिखाण नाकारतो, पण तोही फाइल सिस्टीमकडेच बघून. खरा आकडा एलव्हीएस या एलव्हीएमच्या कमांडच्या यादीत असतो, डेटा टक्के आणि मेटा टक्के या दोन रकान्यांत. नजर आणि अलार्म त्या दोन रकान्यांवर ठेवा, ८० टक्क्यांना.

पूल पूर्ण भरला तर मूळ सेटिंगप्रमाणे लिखाण ६० सेकंद रांगेत थांबतं आणि मग चुका यायला लागतात. एक्सएफएस हात टेकते, ब्रिक बंद पडते. तीन प्रती आहेत, एक ब्रिक गेली तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. पण तिन्ही ब्रिकांवर तोच डेटा, तेच स्नॅपशॉट आणि तेवढाच पूल आहे. पहिली भरली त्याच तासाभरात दुसरी आणि तिसरीही भरते. प्रतींचा आधार डिस्क मोडण्यासाठी असतो, जागा संपण्यासाठी नसतो. मेटाडेटा भरला तर आणखी वाईट. पूल दुरुस्तीला काढावा लागतो, आणि तोवर त्यावरचे चालू व्हॉल्यूम आणि स्नॅपशॉट सगळेच बाजूला.

एलव्हीएममध्ये पूल आपोआप वाढवायची सोय आहे, पण तिचा उंबरठा मूळ सेटिंगमध्ये १०० असतो, म्हणजे सोय बंद. ७० करा, वाढीचं प्रमाण २० टक्के ठेवा, आणि प्रत्येक मशीनवर करा, एकावर नाही. ग्रुपमध्ये मोकळी जागा सोडा म्हटलं होतं ते याचसाठी.

ग्लस्टरची स्वतःची मर्यादा वेगळी आहे. एका व्हॉल्यूमचे जास्तीत जास्त २५६ स्नॅपशॉट, ९० टक्क्यांवर इशारा. ऑटो-डिलीट चालू केलं तर इशाऱ्याच्या पातळीवर सगळ्यात जुना स्नॅपशॉट जातो. मूळ सेटिंगमध्ये तेही बंदच. आणि चालू केलं तरी ते संख्या मोजतं, जागा नाही. पूल ३० स्नॅपशॉटांवरच भरणार असेल तर २३० व्या स्नॅपशॉटची वाट बघणारं ऑटो-डिलीट काय कामाचं? म्हणून व्हॉल्यूमची कमाल मर्यादाच खाली आणा, समजा १० वर, आणि मग ऑटो-डिलीट चालू करा.

किती ठेवायचे याचा हिशेब मोजूनच करा. एक स्नॅपशॉट घ्या, आठवडाभर रोज त्याच वेळी पुलाचा डेटा टक्का वहीत लिहा. रोज २० जीबी जात असतील तर ७ दिवसांचे १४० जीबी. यात चंकांचा फुगवटा आपोआप मोजला जातो, कारण तुम्ही पूलच मोजताय. महिनाअखेरीच्या गर्दीसाठी दुप्पट धरा. वर्षभराचे स्नॅपशॉट त्याच पुलात ठेवायचा हव्यास नको. जुना इतिहास बॅकअपच्या साठ्यात राहू दे.

परत आणताना

बहुतेक वेळा एक फाइल हवी असते. त्यासाठी यूएसएस, म्हणजे वापरणाऱ्यानं स्वतःच स्नॅपशॉट बघायची सोय, हे वैशिष्ट्य चालू करा. मग प्रत्येक डिरेक्टरीत डॉट-स्नॅप्स नावाचा लपलेला फोल्डर मिळतो. तो एलएसच्या यादीतही दिसत नाही, सीडी करून नाव टाइप करूनच आत जावं लागतं. आत सक्रिय स्नॅपशॉट फोल्डरांसारखे मांडलेले असतात. माणूस आपली फाइल स्वतः नक्कल करून घेतो, ॲडमिनला फोन येत नाही. अर्थात त्यासाठी स्नॅपशॉट सक्रिय ठेवावे लागतात, आणि प्रत्येक सक्रिय स्नॅपशॉटच्या ब्रिका मेमरी खातात. शेवटचे तीनचार सक्रिय ठेवले तरी बहुतेकांचं भागतं.

पूर्ण व्हॉल्यूम मागे नेणं ही वेगळीच गोष्ट. आधी व्हॉल्यूम बंद करावा लागतो, म्हणजे सगळ्यांचं काम थांबतं. जिओ-रेप्लिकेशन असेल तर तेही थांबवायचं. मग रिस्टोर, मग व्हॉल्यूम सुरू, मग हील. रिस्टोर झालेला स्नॅपशॉट यादीतून नाहीसा होतो, कारण तोच आता व्हॉल्यूम झालेला असतो. ‘नको, तो नव्हता, दुसरा हवा होता’ म्हणायची वेळ आली तर रिस्टोरच्या आधीची स्थिती हातात हवी, म्हणून व्हॉल्यूम बंद करण्यापूर्वी एक ताजा स्नॅपशॉट घ्या. व्हॉल्यूमची रचनाही त्या दिवसाची परत येते. मध्यंतरी ब्रिका वाढवल्या असतील तर त्या या व्हॉल्यूममध्ये नसतील.

आणि रिस्टोरनंतर व्हॉल्यूम इन्फो बघा. ब्रिकांचे मार्ग बदललेले दिसतील, आता ते रन डिरेक्टरीतल्या ग्लस्टरच्या स्नॅप्समध्ये असतात. हे बिघाडाचं लक्षण नाही, स्नॅपशॉटच्याच ब्रिका आता व्हॉल्यूमच्या झाल्या आहेत. पण जुन्या मार्गावर जागा मोजणाऱ्या किंवा ब्रिक चालू आहे का ते बघणाऱ्या तुमच्या स्क्रिप्टा अजून जुन्याच डिरेक्टरीकडे बघत बसतात आणि ‘सगळं ठीक’ सांगत राहतात. त्या त्याच दिवशी बदला.